धागा: रस्त्यात चाक बदलताना – जॅक, नट, स्टेपनी आणि नेहमीच्या चुका

नटबोल्ट

पावसाळा तोंडावर आलाय. खड्डे आणि खिळे दोन्ही वाढणार, म्हणून हा धागा काढतोय. चाक बदलण्याचे व्हिडिओ ढीगभर आहेत, पण त्यातली गाडी नवीकोरी असते आणि उभी असते फरशीवर. आपलं चाक बसतं ते मुरमाच्या साइडपट्टीवर, डिकी सामानाने खच्चून भरलेली असताना. त्या हिशेबाने लिहितो. राहिलेलं तुम्ही भरा.

क्रम पाठ करायची गरज नाही. जोराचं काम चाक जमिनीवर टेकलेलं असताना करायचं आणि हलकं काम चाक हवेत असताना, एवढं धरून ठेवलं की बाकीचं आपोआप जुळतं. नट पहिल्यांदा सोडवणं आणि शेवटचं आवळणं ही दोन्ही जोराची कामं. ती गाडी जॅकवर असताना केली की गाडी जॅकवरून सरकते. बहुतेक अपघात इथेच होतात.

जागा आधी बघा. सपाट आणि टणक हवी. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका (ऑटोमॅटिक असेल तर पी), चारही इंडिकेटर चालू करा आणि सगळ्यांना खाली उतरवा. जे चाक उचलणार त्याच्या तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड किंवा विटा लावा. गोल गोटा घेऊ नका, तो निसटतो. सामान, स्टेपनी, पाना, सगळं गाडी उचलण्याआधी बाहेर काढा. गाडी जॅकवर आणि माणूस डिकीत वाकून पाना शोधतोय, हे दृश्य रस्त्यावर नेहमी दिसतं आणि ते चुकीचं आहे.

व्हील कॅप असेल तर पान्याच्या चपट्या टोकाने काढा. काही गाड्यांत ती नटांनीच धरलेली असते, ती ओढायला जाऊ नका, मोडते. मग प्रत्येक नट डावीकडे अर्धा ते एक आटा ढिला करा, त्याहून जास्त नको. आता जॅक.

मोनोकॉक गाडीत (म्हणजे जवळपास सगळ्या हॅचबॅक, सेडान आणि छोट्या एसयूव्ही) दाराखालच्या पत्र्याला कड असते. त्या कडेवर पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे वीतभर अंतरावर दोन खाचा किंवा बाणाची खूण सापडते. जॅकच्या डोक्यातली चीर त्या दोन खाचांच्या मधल्या कडेवर बसली पाहिजे. इकडेतिकडे लावलात तर पत्रा आत जातो. प्लास्टिकच्या क्लॅडिंगवर किंवा फूटबोर्डवर लावलात तर ते तुटतं आणि गाडी खाली येते.

पंक्चर चाक जमिनीपासून सुटलं की थांबू नका. स्टेपनीत हवा पूर्ण आहे, तिला जास्त उंची लागते, त्यामुळे आणखी पाच-सहा सेंटीमीटर उचला. काढलेलं चाक लगेच जॅकशेजारी गाडीखाली आडवं सरकवून ठेवा. जॅक निसटला तर गाडी त्या चाकावर बसेल. स्टेपनी लावताना दोघांची अदलाबदल करा. बाकी हात, पाय, डोकं, काहीही गाडीखाली घालायचं नाही.

स्टेपनी बसवली की सगळे नट हाताने फिरवा. हाताने तीन-चार आटे सहज गेले पाहिजेत. अडकला तर आटा तिरका बसतोय, तो काढून परत लावा. पान्याने रेटलात तर स्टडचे (ज्यावर नट फिरतो त्या दांड्याचे) आटे जातील. मग पान्याने हलकं टेकवा, गाडी खाली घ्या आणि समोरासमोरच्या क्रमाने आवळा. पाच नट असतील तर एक सोडून एक.


डिझेलराव

छान लिहिलंय. हँडब्रेक आणि गिअर दोन्ही का लागतात ते सांगतो, कारण बरेच जण एकावर भागवतात.

पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीचं पुढचं एक चाक उचललंत की गिअरचा अडसर संपला. डिफरन्शिअलमुळे (दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी) उचललेलं चाक मोकळं फिरू शकतं, म्हणून जमिनीवरचं दुसरं पुढचं चाकही फिरू शकतं. गाडी फक्त मागच्या हँडब्रेकवर उभी राहते. मागचं चाक उचललं तर उलट. हँडब्रेकचं एकच चाक जमिनीवर उरतं, पण पुढे गिअर धरून ठेवतो. ऑटोमॅटिकच्या पीचंही तेच, तो गिअरबॉक्स अडवतो, चाक नाही. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा यांच्यासारख्या मागून ढकलणाऱ्या गाड्यांत गिअर आणि हँडब्रेक दोन्ही मागच्याच चाकांवर. तिथे मागचं एक चाक उचललं की जमिनीवर अडवणारं एकच चाक राहतं. म्हणून या गाड्यांत पुढच्या चाकाला दगड लावणं टाळायचं नाहीच.

शिडीसारख्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर (चॅसीवर) बसवलेल्या गाड्यांना जॅक लावायची जागा वेगळी असते, साधारण पुढे चॅसीखाली आणि मागे अॅक्सलच्या नळीखाली. मॅन्युअलमधलं चित्र बघून ठेवा. मधल्या डिफरन्शिअलच्या भोपळ्याखाली कधीच नाही.


मृण्मयी_प

नट किती आवळायचे? घरात दोन मतं आहेत. एक म्हणतं पान्यावर उभं राहायचं, दुसरं म्हणतं हाताने पुरे. माझं वजन ५२ किलो आहे, गाडी मारुतीची.


नटबोल्ट

@मृण्मयी_प, पान्यावर उभं राहायचं नाही. हिशेब सोपा आहे. पान्याची लांबी २५ सेंटीमीटर आणि टोकावर ४० किलोचा जोर, म्हणजे सुमारे ९८ न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं माप). मारुतीच्या लहान गाड्यांना ८५ ते १०० च्या आसपास लागतं. म्हणजे सरळ हातांनी, अंगाचा भार टाकून, पाना आडवा असताना खाली दाबला की तुमचं काम झालं. ७० किलोचा माणूस ३० सेंटीमीटरच्या पान्यावर उभा राहिला तर २०० च्या वर जातो. त्याने स्टड ताणला जातो. तेव्हा तुटत नाही, पुढे कधीतरी तुटतो.

ढोबळ आकडे: टोयोटा १०३, होंडा १०८, ह्युंदाई १०७ ते १२७, फोक्सवॅगन-स्कोडा १२०. स्वतःच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघावा, वर्षागणिक बदलतो.

पान्याचं माप मारुती आणि होंडाला १९, ह्युंदाई आणि टोयोटाला २१, फोक्सवॅगन गटाला १७. गाडीसोबतचा एल आकाराचा पाना आखूड असतो. अधिक चिन्हासारखा चौमुखी पाना घ्या. दोन्ही हातांनी सारखा जोर लागतो आणि पाना नटावरून घसरत नाही.


अभ्या_नाशिक

सोडवताना मात्र उभं राहावं लागतं हो. पंक्चरवाले गनने नट ठोकतात, मग बापजन्मी सुटत नाहीत.


नटबोल्ट

सोडवताना चालेल, चाक जमिनीवर असेल तर. त्याहून चांगलं म्हणजे दोन-अडीच फुटांचा जीआय पाइप डिकीत ठेवायचा आणि पान्यावर चढवायचा. लांबी दुप्पट झाली की जोर निम्मा लागतो. पाना नटावर पूर्ण आत बसलाय ना ते आधी बघा, अर्धवट बसला तर नटाचे कोपरे झिजतात आणि मग वेल्डिंगवाल्याकडेच जावं लागतं. पाइप फक्त सोडवायला. आवळायला वापरलात की उभं राहण्यापेक्षा वाईट.

गॅरेजमधून चाकं बसवून आणली की घरी आल्यावर सगळे नट एकदा सोडून आपल्या पान्याने परत आवळून ठेवा. आपल्या पान्याने सुटतात की नाही हे अंगणात कळलेलं बरं.


कोकणी_गाडीवान

रत्नागिरी, मालवण, गोव्याच्या किनारपट्टीवरच्या लोकांसाठी भर. खाऱ्या हवेने रिम हबला (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) गंजून चिकटते. सगळे नट काढले तरी चाक हलत नाही. मग लोक गाडी जॅकवर असताना चाकाला लाथा घालतात. नका करू.

नट परत दोन-तीन आटे लावा, सैल ठेवा. गाडी खाली उतरवा, जॅक आणि दगड काढा, गाडी चालू करून हातभर पुढे, हातभर मागे घ्या, हलका ब्रेक मारा. वजनाने आणि झटक्याने गंज सुटतो, ‘टक्’ असा आवाज येतो. नट लावलेले असल्यामुळे चाक पडत नाही. पुढे-मागे करायला जागा नसेल तर नट सैल ठेवून गाडी हळू हळू जॅकने खाली सोडत चाकावर भार येऊ द्या, कधी कधी तेवढ्यानेही सुटतं.

परत बसवताना हबचा चेहरा आणि रिमची आतली बाजू तारेच्या ब्रशने घासा. मधल्या भोकाच्या कडेला बोटभर अँटिसीझ (भाग जाम होऊ न देणारी पेस्ट) किंवा ग्रीस लावलं तर चालतं. स्टडला आणि नटाच्या बैठकीला (रिमवर टेकणाऱ्या भागाला) मात्र तेल-ग्रीस काही नको. तेल लागलं की तेवढ्याच जोरात नट जास्त फिरतो आणि स्टड ताणतो.


सातारी_तडका

स्टेपनीबद्दल कुणी बोललं नाही. हवा महिन्याला एक-दोन पीएसआय आपसूक कमी होते. दोन वर्षं हात न लावलेल्या स्टेपनीत काय उरणार? नेहमीपेक्षा तीन-चार पीएसआय जास्त भरून ठेवा, लावल्यावर कमी करता येते. पंपावर चार चाकांची हवा बघता तेव्हा पाचव्याचीही सांगा, पोऱ्या कंटाळा करतो पण करतो.

टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. स्टेपनीची नक्षी नवीच दिसते, पण रबराचं वय होतं. कडेवर बारीक भेगा दिसल्या की ती फक्त गॅरेजपर्यंत जाण्यापुरती.

आणखी एक. अर्टिगा, इनोव्हा यांसारख्या गाड्यांत स्टेपनी मागे बुडाखाली असते. चिखल, पाणी खाऊन तिचा बोल्ट किंवा साखळीची चक्री गंजते. वर्षातून दोनदा ती खाली उतरवा, चक्रीला स्प्रे ग्रीस मारा. रात्री ताम्हिणीत ती उतरली नाही तर जॅक आणि पाना असून काय उपयोग?


विदर्भ_एक्सप्रेस

कमी रुंदीची स्टेपनी कुठल्या चाकाला? माझं मत: पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीचं पुढचं चाक बसलं तर मागचं चांगलं चाक पुढे आणा आणि लहान स्टेपनी मागे लावा. पुढे ब्रेक, स्टिअरिंग आणि ओढ, तिन्ही असतात. शिवाय दोन पुढच्या चाकांचा घेर वेगळा झाला तर डिफरन्शिअल सतत फिरत राहतं.


डिझेलराव

पुस्तकी दृष्टीने बरोबर. पण त्यासाठी गाडी दोनदा उचलावी लागते, दोनदा नट, दुप्पट वेळ रस्त्याकडेला. पेट्रोल पंपावर किंवा ढाब्याच्या आवारात असाल तर जरूर करा. महामार्गाच्या कडेला एकदाच उचला, ताशी ८० च्या आत (स्टेपनीवर लिहिलेलं असतं) जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत जा. पाऊस असेल तर ६० च्या आत.

आपल्याकडे ‘लहान स्टेपनी’ म्हणजे बहुतेक वेळा एक माप कमी रुंदीची लोखंडी रिम असते, तिच्यात नेहमीसारखीच हवा. परदेशी पद्धतीची अगदी चिंचोळी असेल, कडेवर मापाआधी टी लिहिलेलं, तर तिला ६० पीएसआय लागते. ३३ भरून चाललात तर कडा घासतात.


विदर्भ_एक्सप्रेस

मान्य, कडेला उभं राहण्याचा वेळ जास्त महत्त्वाचा. मग त्याचंच बोलू. ताशी १०० ने येणारी गाडी सेकंदाला २८ मीटर येते. इशाऱ्याचा लाल त्रिकोण ५० मीटरवर ठेवलात तर मागच्याला दोन सेकंदही मिळत नाहीत. द्रुतगती मार्गावर निदान १०० मीटर मागे ठेवा. वळण किंवा चढाचा माथा असेल तर त्याच्या अलीकडे. ठेवायला जाताना त्रिकोण उघडून अंगासमोर धरा आणि कठड्याच्या बाजूने चाला.

समृद्धी किंवा मुंबई-पुण्यावर रस्त्याच्या बाजूचं, म्हणजे उजवं चाक बसलं असेल तर कडेला बदलूच नका. वाकलेला माणूस आणि ट्रकमध्ये चार फूटही राहत नाहीत. ताशी दहा-पंधराने, इंडिकेटर लावून, कडेकडेने पुढच्या थांब्यापर्यंत न्या. टायर जाईल, कदाचित रिमही. जाऊ द्या. जमत नसेल तर कठड्यापलीकडे, गाडीच्या पुढे नाही, मागच्या बाजूला तिरपे उभे राहा आणि मदत बोलवा. राष्ट्रीय महामार्गांवर १०३३, नाहीतर कुठेही ११२.

आणि ते दगड! ट्रकवाले गाडीमागे दगड, फांद्या मांडतात आणि काम झालं की तसेच सोडून जातात. रात्री मागच्या दुचाकीवाल्याचा जीव जातो. मांडलात तर उचला.


मृण्मयी_प

काळ्या मातीत काय करायचं? आमच्याकडे साइडपट्टी म्हणजे जूननंतर चिखलच.


नटबोल्ट

शक्य असेल तर डांबरापर्यंत किंवा शेताच्या टणक फाट्यापर्यंत न्या. नाहीच तर एक फूट बाय एक फूट, अठरा-वीस मिलीमीटर जाडीचा प्लायवूड डिकीत ठेवा. जॅकचा तळ पंज्याएवढा, त्यावर गाडीच्या त्या कोपऱ्याचं तीन-चारशे किलो येतं, मातीत घुसणारच. फळीने भार पसरतो. उचलताना जॅक सरळ उभा आहे का ते दर चार-पाच फेऱ्यांनी बघा. गाडी उचलताना थोडी आडवी सरकते आणि जॅक कलायला लागतो. कलला की खाली घेऊन परत लावायचा. वीट किंवा हॉलो ब्लॉक जॅकखाली नको, तो एकदम फुटतो.

चाक पूर्ण बसलंय आणि जॅक आतच जात नाही असंही होतं. त्याच फळीवर बसलेलं चाक हळूच चढवा, तेवढी उंची मिळते.

घाटात उतारावर शक्यतो बदलूच नका. एखादं सपाट वळण येईपर्यंत हळू चालवा.


पुणेकर_पाना

अलॉय लावलेल्यांनो, नट तपासा. कारखान्यातून आलेल्या होंडाच्या नटाची बैठक गोल, अर्ध्या चेंडूसारखी असते. बाहेरून घेतलेल्या अलॉयला बहुतेक ६० अंशांची शंकूची बैठक लागते. स्टेपनी मूळ लोखंडी राहिली असेल तर तिला मूळ नट हवेत. ते पिशवीत घालून स्टेपनीच्या खोबणीत ठेवा. चुकीची बैठक असली की नट कडेकडेनेच टेकतो, आवळल्यासारखा वाटतो आणि वीस-पंचवीस किलोमीटरवर ढिला होतो.

टोयोटाच्या काही अलॉयना वॉशरवाले सपाट नट असतात. तेच नट लोखंडी स्टेपनीला चालतात, कारण त्यांच्या टोकाचा निमुळता भाग रिमवर टेकतो. वॉशर टेकला नाही म्हणून घाबरून जास्त आवळू नका. शंकूचा नट उलटा, सपाट बाजू आत करून लावलेलाही पाहायला मिळतो. निमुळती बाजू रिमकडे.

चोरीसाठीचे लॉक नट असतील तर त्याची चावी घरच्या ड्रॉवरमध्ये ठेवणारे लोक आहेत. ती ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. सर्व्हिसिंगनंतर परत आली ना तेही बघा, गॅरेजमध्ये राहते.

फोक्सवॅगन-स्कोडात स्टड नसतात, बोल्ट असतात. चाक हातात धरून भोक जुळवणं त्रासाचं. सगळ्यात वरचं भोक आधी जुळवा, एक बोल्ट चार आटे फिरवा, मग चाक लटकतं आणि बाकीचे सोपे जातात. पंधरा इंची चाक टायरसकट पंधरा-सोळा किलोचं, मोठ्या एसयूव्हीचं पंचवीसपर्यंत. उचलायची हौस नको. जमिनीवर बसा, चाकाखाली पाना किंवा पायाचा चवडा घालून वर ढकला.


अभ्या_नाशिक

ट्यूबलेसला एवढं सगळं करायचंच कशाला? खिळा असेल तर हवा भरून पुढे.


सातारी_तडका

अर्धं बरोबर. खिळा रुतलेला आणि हवा हळू जात असेल तर तो उपटू नका, तोच बूच आहे. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर इंजिन चालू ठेवून लावा, १५ वरून ३३ व्हायला पाच-आठ मिनिटं लागतात. मग पंक्चरवाल्यापर्यंत जा. उजव्या बाजूचं चाक असेल आणि रहदारी असेल तर हाच मार्ग चांगला, खाली वाकून वेळ जात नाही.

पण कडेला चीर असेल, फुगा आला असेल किंवा रिम वाकून हवा गेली असेल तर कॉम्प्रेसरचा उपयोग नाही. आणि बसलेल्या टायरवर किलोमीटरभर चाललेला असाल तर दुरुस्तीवाल्याला टायर रिमवरून काढायला सांगा. आत काळा रबराचा चुरा निघाला तर कडेची पट्टी आतून संपली. तो टायर परत लावू नका, बाहेरून कितीही चांगला दिसो.


मृण्मयी_प

नव्या गाडीत स्टेपनीच नाही, नुसती बाटली आणि पंप दिलाय. हे नियमात बसतं?


पुणेकर_पाना

बसतं. २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच दिला असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनी लागत नाही. बाटलीतला द्रव नक्षीतल्या लहान भोकाला चालतो, कडेच्या चिरेला नाही. त्याच्यावर संपायची तारीख असते ती बघा. वापरलात तर पंक्चरवाल्याला सांगा, नाहीतर टायर उघडताना त्याच्या अंगावर येतो.

सीएनजी गाड्यांत स्टेपनी, जॅक आणि पाना कुठे सरकवलेत ते आत्ताच शोधून ठेवा. सिलिंडरच्या मागे अडकलेला जॅक रात्री काढता येत नाही.


नटबोल्ट

राहिलेलं एकच: स्टेपनी लावल्यावर ५० ते १०० किलोमीटरवर नट परत आवळून बघा. स्टेपनीत सेन्सर नसेल तर दाबाचा दिवा पेटलेला राहतो, तो बिघाड नाही. मूळ चाक बसवून थोडं चाललं की जातो, नाही गेला तर मेनूतून रीसेट करा.